पारावरचें मत आणि पदरचा अनुभव

शेतकऱ्याच्या घरीं एखाद्या सालीं दाणे कमी पडतील, वैरण कमी पडेल, पैसा तर नेहमींच कमी पडतो. परंतु मतांचा दुष्काळ आमच्या खेड्यांत कधीं पडल्याचें ऐकिवांत नाहीं. मृगाचा पाऊस चार दिवस लांबला कीं पारावर, चावडीपुढें, चहाच्या दुकानांत आणि आठवड्याच्या बाजारांत मतांचें जणूं पेंव फुटतें. धूळपेर करावी कीं वाफशाची वाट पाहावी, कोणत्या दुकानचें बियाणें उगवतें, कपाशीस खताची दुसरी मात्रा केव्हां द्यावी, कांदा आज विकावा कीं चाळींत ठेवावा, अशा प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाजवळ उत्तर तयार असतें. हें बोलणें म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असें कित्येक शिकलेले लोक समजतात. आम्हांस तें मान्य नाहीं. शेतकऱ्यांनीं रोजच्या कामांतील आपलें मत एकमेकांस सांगणें ही शेतीच्या विद्येची सर्वांत जुनी शाळा होय. मात्र या शाळेंत शिकविणारे पुष्कळ असून हिशेब तपासणारा कोणी नाहीं. त्या एका उणीवेपायीं आपलें किती नुकसान होतें, व ती कशी भरून काढतां येईल, याचा विचार आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम या बोलण्याची किंमत काय, तें पाहूं. शेती हा धंदा असा आहे कीं एका बांधाच्या अलीकडे खरें ठरलेलें पलीकडे खोटें ठरूं शकतें. एका गटांत काळी खोल जमीन, शेजारीं मुरमाड माळ. एकास विहिरीचें पाणी, दुसऱ्याचें सर्व आभाळावर. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आमच्या चारही कृषि विद्यापीठांतील विद्वानांनीं कितीही कसोशीनें प्रयोग केले, तरी त्यांस गांवोगांवच्या प्रत्येक शिवारांत प्रयोग मांडणें शक्य नाहीं. पण शंभर खातेदारांच्या गांवांत दरसाल शंभर प्रयोग आपोआप होतच असतात. कोणी आठ दिवस आधीं पेरतो, कोणी उशिरां. कोणी शेणखत घालतो, कोणी नुसत्या पोत्यांवर भिस्त ठेवितो. या प्रयोगांचें जें फळ हातीं येतें, त्याचा अहवाल म्हणजेच पारावरचें मत. तो अहवाल अपुरा असेल, तिखटमीठ लावलेला असेल, पण तो विकत आणावा लागत नाहीं, आणि आपल्याच शिवारांतला असतो.

अशा एका साध्या निरीक्षणांतून केवढें काम उभें राहतें, याचें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड नांवाच्या गांवीं दादाजी खोब्रागडे नांवाचे अल्पभूधारक शेतकरी राहत असत. इ. स. १९८३ च्या सुमारास त्यांस आपल्या धानाच्या बांधींत कांहीं वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या काढिल्या, दाणे जपून ठेविले, पुढील हंगामीं निराळे लाविले आणि कित्येक वर्षें निवड करीत एक बारीक दाण्याचें, चवदार व चांगलें उतरणारें वाण सिद्ध केलें. पुढें तें वाण शेजाऱ्यानें लाविलें, शेजाऱ्याकडून दुसऱ्या गांवीं गेलें, बाजारांत व्यापाऱ्यांनीं त्यास त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचें ‘एच्‌.एम्‌.टी.’ हें नांव दिलें, आणि अनेक राज्यांतील शेतकऱ्यांनीं तें आपलेंसें केलें. दादाजी इ. स. २०१८ सालीं वारले.

द्राक्षांचेंही तेंच. तासगांव भागांतील ‘तास-ए-गणेश’ काय, किंवा सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचें ‘सोनाका’ काय, हीं वाणें मळेवाल्यांनींच आपल्या बागेंत वेगळा दिसणारा वेल ओळखून, त्याच्या काड्या लावून, निवडून काढलेलीं आहेत. आणि एका बागाईतदारानें दुसऱ्याच्या मांडवाखालीं उभें राहून घड पाहिले, प्रश्न विचारिले, काड्या मागून नेल्या, म्हणूनच तीं पसरलीं. डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट शेजाऱ्यास सांगण्याची जी आपली जुनी रीत, तिचें हें फळ होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग तक्रार कशाची? तक्रार ही कीं, ज्या वाटेनें चांगलें बियाणें गांवांत येतें, त्याच वाटेनें तणही येतें. मत सांगणारा बहुधा प्रामाणिक असतो. पण तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची सवय सांगणाऱ्यास नसते, ऐकणाऱ्यासही नसते. दहाजण एकच गोष्ट बोलूं लागले कीं तिला सिद्धांताचा मान मिळतो.

उसाच्या पाण्याचीच गोष्ट घ्या. ‘जितकें पाणी जास्त, तितका ऊस जास्त’ हें मत पाटाखालच्या मुलुखांत कित्येक पिढ्या निःशंकपणें सांगितलें गेलें. काळ्या खोल जमिनींत पाण्याचा निचरा मंद असतो. वरून देत राहिलेलें पाणी खालीं सांचतें, भूजलाची पातळी वर येते, आणि उन्हानें वरचें पाणी उडून गेलें म्हणजे त्यांतील क्षार मातीच्या तोंडाशीं राहतात. नीरेच्या कालव्याखालीं विसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं दशकांतच या रोगानें जमिनी धरल्या होत्या. तरीही पुढें सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णाकांठीं तीच चाल पडली, आणि एके काळीं सोन्यासारखें पिकणारें शिवार पांढरें पडलें. बिघडलेली जमीन सुधारण्यास चर काढावे लागतात, जमिनीखालीं निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागतात, आणि तें काम एकट्यादुकट्याच्या आवांक्यांतलें नाहीं. चुकीचें मत ऐकण्यास पैसा पडला नव्हता. तें निस्तरण्यास मात्र फार पडतो.

याहूनही दारुण गोष्ट इ. स. २०१७ च्या पावसाळ्यांत घडली. त्या सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्याचीं कारणें अनेक सांगितलीं गेलीं: डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उष्ण हवा, तोंडास व हातांस कसलेंही आवरण नसणें, आणि दोनतीन औषधें एकत्र कालवून मारणें. यांतील शेवटच्या कारणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. ‘एकानें अळी मरत नसेल तर दोन मिसळा, गुण दुप्पट येतो’ हें मत गांवोगांवीं सर्रास ऐकूं येतें. तें बोलणारा मनुष्य बांधावर उभा असतो. पंप पाठीवर असतो तो मजुराच्या. मत एकाचें आणि जीव दुसऱ्याचा, असा जेथें व्यवहार आहे, तेथें बोलण्याची जबाबदारी किती मोठी, हें निराळें सांगावयास नको. आपल्या मताची परीक्षा दुसऱ्याच्या देहावर करण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

तेव्हां प्रश्न असा आहे कीं, बोलणें तर थांबवावयाचें नाहीं, मग त्यास वळण कसें लावावें? या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या मराठी मुलुखांत पूर्वीं प्रत्यक्ष करून पाहिलेलें आहे, आणि आजच्या पिढीस त्याची आठवण फारशी राहिलेली नाहीं, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों.

कॅनडा देशांत इ. स. १९४१ पासून १९६५ पर्यंत शेतकऱ्यांची एक रेडिओ-चर्चासभा चालत असे. हिंवाळ्यांत शेजारपाजारचीं कुटुंबें आठवड्यांतून एका सायंकाळीं कोणाच्या तरी घरीं जमत, शेतीविषयींचा कार्यक्रम ऐकत, ठरलेल्या प्रश्नांवर आपसांत चर्चा करीत व आपलें मत लिहून कचेरीकडे धाडीत. तीं मतें एकत्र करून त्यांचा गोषवारा पुढें रेडिओवरून सर्वांस कळविला जाई. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृति करा’ हें त्यांचें ब्रीद होतें.

हाच प्रयोग युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीनें इ. स. १९५६ सालीं पुणें केंद्रावरून केला. त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर (आजचा अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवें त्यासाठीं निवडण्यांत आलीं. प्रत्येक गांवीं सुमारें वीसजणांचें मंडळ असे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आठवड्यांतून दोन वेळां, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम झाले. मंडळानें एकत्र बसून ऐकावें, मग चर्चा करावी, उरलेल्या शंका लिहून केंद्राकडे पाठवाव्या, व केंद्रानें पुढील कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें द्यावीं, अशी योजना होती. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूराथ या अभ्यासकाच्या देखरेखीखालीं केली. मंडळें असलेल्या गांवांतील लोकांस कार्यक्रमापूर्वीं व कार्यक्रमानंतर प्रश्न विचारले, आणि मंडळें नसलेल्या गांवांशीं ताडून पाहिलें. मंडळांच्या गांवीं लोकांचें ज्ञान चांगलेंच वाढलेलें आढळलें; जेथें नुसता रेडिओ होता पण एकत्र बसून चर्चा नव्हती, तेथें वाढ अगदीं थोडी होती. इ. स. १९५९ पासून ही पद्धति देशाच्या इतर भागांतही नेण्यांत आली.

या प्रयोगाचें मर्म काय? आमच्या समजुतीप्रमाणें तें रेडिओंत नव्हतें, नाहीं तर नुसता रेडिओ असलेल्या गांवींही तेंच फळ दिसतें. तें चार गोष्टींत होतें. बसण्याचा दिवस ठरलेला होता. विषय एक होता. बोललेलें कोणी तरी लिहून घेत होता. आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर परत येत होतें. पारावरच्या बोलण्यांत या चारांपैकीं एकही गोष्ट नसते. विषय पावसावरून निवडणुकीवर जातो, निवडणुकीवरून सोयरिकीवर जातो, आणि शेवटीं कोण काय म्हणालें हें कोणालाच आठवत नाहीं. मत जिवंत असतें, पण त्याला मूळ नसतें.

हें वळण लावण्यास सरकारची मंजुरी लागत नाहीं कीं वर्गणी लागत नाहीं. पंधरा दिवसांतून एक सायंकाळ, शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप, आणि एक वही एवढें भांडवल पुरे. आम्ही कांहीं नियम सुचवितों. गांवकऱ्यांनीं आपल्या सोयीनें त्यांत फेरफार करावा.

पहिला नियम हा कीं, मत सांगणारानें तें कोणत्या जातीचें आहे हें आधीं सांगावें. मतें तीन जातींचीं असतात: पाहिलेलें, ऐकलेलें आणि वाटलेलें. ‘माझ्या शेतांत मी पाहिलें’ हें एक, ‘अमक्याकडून ऐकलें’ हें दुसरें, आणि ‘मला असें वाटतें’ हें तिसरें. तिन्हींस बोलण्याची मुभा असावी, पण एकाच्या जागीं दुसऱ्यास बसूं देऊं नये. एवढा एक शब्द आधीं उच्चारण्याची सवय लागली, तरी निम्मे वाद मिटतील.

दुसरा नियम, मताबरोबर त्याचा पत्ता द्यावा. जमीन कोणती, वाण कोणतें, पेरणीची तारीख कोणती, पाऊस किती, खत काय, एकरीं खर्च किती व उतारा किती. समजा, एकजण म्हणाला, “आबा, यंदा माझी तूर झकास उतरली.” ऐकणारानें “छान झालें” म्हणून उठूं नये. “दादा, रान कोणतें? दोन ओळींत अंतर किती ठेविलें? शेंडे खुडले होते कीं नाहीं? फुलाच्या वेळीं पाणी दिलें का?” असें विचारावें. अशा चार प्रश्नांनंतर कळतें कीं, दादांच्या तुरीस दोन संरक्षित पाणी मिळालें होतें. आणि आबांच्या कोरडवाहू माळावर तोच उतारा येईल अशी आशा करणें व्यर्थ आहे. पत्ता नसलेलें पत्र जसें कोठेंच पोंचत नाहीं, तसेंच पत्ता नसलेलें मतही कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं.

तिसरा नियम, जेथें करून पाहतां येतें तेथें वाद घालूं नये. सोयाबीनचें अमुक बियाणें चांगलें कीं वाईट यावर तासभर भांडण्यापेक्षां, त्यांतील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे व आठवडाभर ओलावा राखून सांवलींत ठेवावे. सत्तर किंवा अधिक दाण्यांस चांगले कोंब आले तर बियाणें पेरण्याजोगें; त्याहून कमी आले तर बियाण्याचें प्रमाण वाढवावें लागेल, आणि फारच कमी आले तर तें बियाणें बदलावें. नवें खत अगर नवी औषधी सुचविली गेली, तर सगळ्या रानावर न घालतां चार गुंठ्यांवर घालावी, आणि त्याच्या शेजारीं तेवढाच पट्टा न घातलेला सोडावा. न घातलेला पट्टा हाच खरा पंच होय. त्याच्या वांचून दिलेला निकाल पावसाचा, जमिनीचा कीं औषधाचा, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. मात्र विषारी औषधांच्या बाबतींत असा प्रयोगही करूं नये. डब्यावरील चिठ्ठींत सांगितलेलें प्रमाण हीच मर्यादा, आणि मिश्रणाविषयीं शंका असेल तर ती तज्ज्ञास विचारावी.

चौथा नियम, फसलेला प्रयोगही सांगावा. आपल्याकडे उतारा वाढला तर मनुष्य गांवभर सांगतो, आणि बुडाला तर तोंड लपवितो. त्यामुळें एकाच खड्ड्यांत दरसाल नवा मनुष्य पडतो. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण खरी होण्यास पुढच्यानें आपल्याला ठेंच लागली हें बोलून दाखविलें पाहिजे. अशा मनुष्यास जो हंसेल त्यास बैठकींत बसूं देऊं नये, इतका हा नियम आम्ही महत्त्वाचा मानतों.

पांचवा नियम, न सुटलेला प्रश्न वहींत लिहावा, आणि महिन्यांतून एकदां जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्राकडे अथवा कृषि अधिकाऱ्यांकडे धाडावा. आलेलें उत्तर पुढच्या बैठकींत मोठ्यानें वाचावें. उत्तर पटलें नाहीं तर तसें सकारण कळवावें. कारण विद्वानांसही शिवाराची खबर हवीच असते. ज्याची कल्पना असेल त्याचें नांव वहींत अवश्य नोंदावें. दादाजी खोब्रागड्यांचें वाण व्यापाऱ्यांच्या हातीं पडून घड्याळाच्या नांवानें देशभर गेलें. ज्या शेतकऱ्यानें तें निवडलें, त्याचें नांव त्या धानाबरोबर गेलें नाहीं. पुन्हां तसें होऊं नये.

आतां एक नाजूक गोष्ट. गांवांतील बोलणें बहुधा मोठ्या खातेदाराचें असतें. ज्याची जमीन मोठी त्याचा आवाज मोठा, आणि त्याचा अनुभव सर्वांस लागू, असा एक समज आहे. परंतु विहीर, ट्रॅक्टर व भांडवल असलेल्या मनुष्याचा सल्ला दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यास पुष्कळदां निरुपयोगी, क्वचित् घातकही असतो. उलट खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर होती. बारकाईनें पाहण्यास जमीन फार लागत नाहीं. शिवाय खुरपणीस रोज वाकणाऱ्या बायांस पिकावरची कीड मालकाच्या आधीं दिसते, बियाणें राखेंत कीं कडुनिंबाच्या पाल्यांत चांगलें टिकतें हें घरांतील वडील बाईंस ठाऊक असतें, आणि औषधाचा वास डोक्यांत जातो कीं नाहीं हें फवारणाऱ्या मजुरासच कळतें. त्यांस कोणी विचारीत नाहीं. म्हणून बैठकींत बोलण्याचा क्रम उलटा ठेवावा: आधीं लहान खातेदार, मजूर व स्त्रिया, आणि शेवटीं मोठे. मोठ्यांचें एकदां झालें कीं इतरांचें तोंड बंद होतें, हें आम्ही अनेक सभांत पाहिलें आहे.

कित्येक वाचक म्हणतील, आपली युक्ति सर्वांस सांगितली तर सर्वच पिकवतील आणि भाव पडेल. ही भीति अगदींच निराधार नाहीं. सर्वांनींच एका वेळीं कांदा अगर टोमॅटो लाविला म्हणजे काय होतें, हें आपण पाहतों. परंतु त्याचें कारण ज्ञान वाटलें गेलें हें नसून, कोण काय किती लावीत आहे ही बातमी वाटली गेली नाहीं हें आहे. लपवून ठेविलेली युक्ति एका हंगामापुरतीच लपते, कारण पीक उघड्यावर उभें असतें. आणि कीड कोणाची खाजगी नसते. शेजाऱ्याच्या कपाशींतील बोंडअळी बांध ओळखत नाहीं. शेजारी अज्ञानी राहिल्यानें आपला फायदा होतो, हा हिशेब शेतींत तरी जमत नाहीं.

‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ असें आपले वडील सांगत आले. ऐकणें आणि करणें यांच्या मध्यें तपासणें ही एक पायरी आहे, आणि आपण बहुधा तिच्यावरून उडी मारतों. ती पायरी एकट्यास चढणें कठीण. चौघांनीं मिळून चढल्यास सोपी. आज निरोप क्षणांत शंभर गांवीं पोंचतो. त्यामुळें खरें मत जितकें वेगानें जातें, तितकेंच खोटेंही जातें. म्हणून तपासण्याचें काम पूर्वींपेक्षां अधिक निकडीचें झालें आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक लिहिणारे-वाचणारे खातेदार आहेत. गांवांत वही धरणारा मनुष्य हवा असेल तर तो त्यांच्यांतूनच निघाला पाहिजे. या येत्या हंगामांत निदान एक बैठक भरवावी, एक प्रश्न घ्यावा, चार गुंठ्यांचा एक पट्टा राखावा, आणि सुगीनंतर जें दिसेल तें, चांगलें असो वा वाईट, आम्हांस लिहून कळवावें. जमीन, तारीख, खर्च व उतारा हा पत्ता बरोबर असला, म्हणजे तें छापण्यास आमच्या मासिकाचीं पानें सदैव मोकळीं आहेत.